समक्ष दिली

आमच्या रजिस्टरमधला शेवटचा रकाना अरुंद आहे. त्याच्या माथ्यावर 'गोळी समक्ष दिली' असं छापलेलं असतं आणि खाली प्रत्येक नावासमोर बरोबरची खूण करायची असते. मी आरोग्यसेवक म्हणून नोकरीला लागलो त्याला सव्वीस वर्षं झाली. घर रत्नागिरीत, नोकरी संगमेश्वर तालुक्यातल्या आतल्या वाड्यांवर. अशा किती खुणा मी केल्या असतील ते सांगता येणार नाही. त्यांतल्या एका खुणेबद्दल मला उच्च न्यायालयासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ते करण्याआधीच्या तीन आठवड्यांत मला माझ्याच कामाबद्दल जेवढं कळलं, तेवढं बाकीच्या नोकरीत कळलं नव्हतं.

गोळी लेप्टोची. उंदराच्या मुतातून हा आजार शेतातल्या पाण्यात येतो आणि पायाला चीर असेल, फोड फुटलेला असेल, तिथून अंगात शिरतो. भातलावणीत माणूस दिवसभर चिखलात उभा असतो, म्हणून लावणी चालू असेपर्यंत आठवड्यातून एकदा प्रतिबंधक गोळी द्यायची. गोळी फुकट. यादीत नाव असलेल्याने ती आमच्यासमोर गिळायची आणि आम्ही खूण करायची, असा नियम.

आता यातली गंमत सांगतो. ही गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, उलटी होते, तेव्हा ती खाल्ल्यावर द्यावी, हेसुद्धा नियमातच होतं. लावणीच्या दिवसांत बायका उजाडताच चहा घेऊन तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला जातात. न्याहारी शेतावर, दहा-साडेदहाला. मी एसटीतून उतरून पहिल्या वाडीत पोचायचो आठाला, आणि दुपारच्या परतीच्या गाडीआधी मला पाच वाड्या करायच्या असायच्या. मी समोर असायचो तेव्हा त्यांचं पोट रिकामं असायचं, आणि त्यांचं पोट भरायचं तेव्हा मी तिसऱ्या वाडीच्या चढणीवर असायचो. मग मी कागदाच्या पुड्या करायला लागलो. पुडीवर नाव लिहायचं, पडवीतल्या कोनाड्यात ठेवायची, बांधावरून हाक मारायची, "न्याहारी झाली की घ्या हो!" पलीकडून "हो, हो" यायचं. मी तिथेच उभ्या उभ्या खूण करायचो.

पुढे त्या गोळीचं काय होतं, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही. मला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

दुसऱ्या वाडीत एक काकी राहतात. साठीच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा मुंबईला लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. दर वर्षी लावणीला तो आठ-दहा दिवस रजा टाकून येतो. वाडीतले निम्मे पुरुष तसेच येतात. गणपतीला येणारा चाकरमानी सगळ्यांना दिसतो, कारण तो नवे कपडे घालून येतो. लावणीला येणारा उतरल्या दिवशी अर्ध्या चड्डीत चिखलात जातो आणि आठव्या दिवशी पाठ धरून गाडीत बसतो, त्यामुळे त्याची नोंद कुठेच होत नाही. माझ्याही यादीत नव्हती. यादी मे महिन्यात होते आणि ती गावात राहणाऱ्यांची होते.

तीन वर्षांपूर्वीच्या लावणीत मी काकींच्या खळ्यात उभा होतो. पुडी कोनाड्यात ठेवली होती. मुलगा नांगराच्या मागून वर आला, पाय धुतलेले नव्हते.

"भाऊ, मला पण द्या ना एक."

"तुझं नाव नाही यादीत."

"नाव नसलं तरी पाय आहेत ना." त्याने एक पाय वर करून दाखवला. टाचेला दोन ठिकाणी फुटलं होतं.

"तुझं रेशन कार्ड मुंबईचं. तिकडे माग."

"तिकडे कुठे चिखल आहे?"

काकी खालून ओरडल्या, "अरे, कामाच्या माणसाला अडवून काय ठेवतोस? जाऊ दे त्यांना, गाडी चुकंल."

मी हसलो. तोही हसला. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत त्या वेळी गोळ्यांची एक अख्खी पट्टी शिल्लक होती. दोन घरं मुंबईला गेल्यामुळे उरलेली. ती मी परत करणार होतो, आणि हिशेब जुळवायची कटकट नको म्हणून केलीही नाही. पुढच्या वर्षी ती पिशवीच्या तळाला सापडली, मुदत संपलेली. हे मी बराच काळ कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या फेरीला मी त्या वाडीत गेलो, तर काकी पडवीत आडव्या. ताप होता. मी विचारलं, "काय दुखतंय?" त्या म्हणाल्या, "पोटऱ्या. कोन मुरगाळतंय असं वाटतं." डोळे लाल, आणि लालीच्या कडेला पिवळं. लेप्टोत पोटऱ्या दुखतात हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. मी लगेच गाडी बोलावली आणि त्यांच्याबरोबर रत्नागिरीपर्यंत गेलो. वाटेत विचारलं, "काकी, गोळी घेतली होतीत ना?" त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. ताप जास्त असेल असं मी मनाला सांगितलं.

मूत्रपिंडावर परिणाम झाला होता. काही वेळा डायलिसिस करावं लागलं. महिन्याभराने त्या घरी आल्या, निम्म्या होऊन, पण आल्या. वाडीत माझं नाव झालं. "भाऊनी डोळे बघून वळाकलं," असं बायका एकमेकींना सांगायच्या. मी ते ऐकून घ्यायचो.

वर्ष उलटायच्या आत मुलाने उच्च न्यायालयात याचिका केली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे कसं जमलं, याचं सगळ्यांनाच कुतूहल होतं. झालं होतं असं की एका इमारतीत अडकलेल्या लिफ्टमधून त्याने एका वकीलबाईंना बाहेर काढलं, आणि त्या घाबरल्या होत्या म्हणून त्यांना बोलण्यात गुंतवायला गावच्या लावणीच्या गोष्टी सांगत बसला. आईच्या आजारपणाचं सांगितल्यावर बाईच म्हणाल्या, हे असं सोडायचं नाही.

याचिकेची प्रत आमच्या आरोग्य केंद्रात आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. त्यात भरपाई मागितलेली नव्हती याचं मला आश्चर्य वाटलं. मागणी एकच होती : चिखलात प्रत्यक्ष उतरणाऱ्या प्रत्येकाला गोळी मिळावी, मग त्याचं घर कागदोपत्री कुठेही असो. आजार होऊ नये म्हणून मिळणारी गोळी हासुद्धा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि रहिवासाच्या यादीने तो तोडता येत नाही, असा मुद्दा होता. मी इतकी वर्षं गोळ्या वाटल्या, पण मी कोणाच्या हक्काचं काही वाटतोय असं मला कधी वाटलं नव्हतं. मी गोळ्या संपवत होतो. मधेच एका परिच्छेदात मीही होतो, नाव न घेता. 'सदर कर्मचाऱ्याने यादीचे कारण सांगून नकार दिला.' पुढे लिहिलं होतं की त्यामुळे आईने स्वतःची गोळी मुलाला दिली आणि ती स्वतः आजारी पडली.

खात्याला उत्तर द्यायचं होतं. आमचे डॉक्टर तरुण, कोल्हापूरकडचे, मनाने चांगले. ते म्हणाले, "चला, त्या मावशींचा जबाब घेऊन येऊ. त्या काय म्हणत्यात ते तर बघू."

आम्ही तिघं पडवीत बसलो. जबाब मी लिहून घेत होतो, कारण माझं अक्षर बरं आहे. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, गोळी तुम्ही खाल्लेली का?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "खाल्ली की. ह्यांच्या म्होरं खाल्ली. पानी पन ह्यांनीच दिलं."

पाणी! ही बाई पाण्यापर्यंत गेली. माझा हात थांबला. डॉक्टर म्हणाले, "लिहा की." मी लिहिलं. 'गोळी मी कर्मचाऱ्यासमोर पाण्यासोबत गिळली.' काकींनी खाली सही केली. त्यांना सही येते, वळणदार. ते खोटं आहे हे त्या पडवीतल्या दोघांना माहीत होतं, आणि त्यांतला एक जण ते सुवाच्य अक्षरात लिहीत होता.

येताना डॉक्टर खुशीत होते. "सुटला की तुम्ही. मुलगा खोटा पडतोय यात, पण आता काय करणार!"

मला वाटलं, काकींनी मला वाचवलं. गाडीत घालून नेल्याची परतफेड केली. आणि मी ती घेतली. खात्याच्या उत्तरात माझी खूण आणि त्यांचा जबाब शेजारी शेजारी जोडले गेले. आईला गोळी समक्ष दिलेली आहे, ती तिने गिळलेली आहे, सबब मुलाचं म्हणणं असत्य आहे.

मधल्या काळात कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि आमच्या जिल्ह्याची प्रकरणं तिकडे गेली. तिथे मुलाच्या वकीलबाईंनी एक साधी गोष्ट दाखवली. रजिस्टरच्या त्या पानावर पाच वाड्यांतल्या सगळ्या खुणा एकाच दिवशीच्या होत्या. एवढ्या माणसांना एकेकाला समोर उभं करून गोळी गिळवायला किती वेळ लागेल, असं त्यांनी विचारलं. न्यायालयाने सांगितलं, ज्याने खुणा केल्या त्याचं प्रतिज्ञापत्र द्या.

मला कोल्हापूरला बोलावणं आलं. आंबा घाट चढून माझं डोकं दुखायला लागलं होतं. सरकारी वकीलबाई माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. व्हरांड्यातल्या बाकावर डबा खाता खाताच त्यांनी मला समोर बसवलं.

"तुम्ही त्या बाईंना गोळी गिळताना पाहिलंत?"

"मॅडम, त्याचं असं आहे की न्याहारीची वेळ..."

"पाहिलंत की नाही?"

"त्यांच्या जबाबात आहे तसं."

"त्यांचं त्यांनी सांगितलं. मी तुम्हाला विचारतेय." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "हे बघा काका, खोटं लिहिलंत तर तुम्ही अडकाल. खरं लिहिलंत आणि ते वेगळं असेल, तर खातं अडचणीत येईल, तुमची चौकशी लागेल. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. तीन आठवड्यांनी तारीख आहे. पण जे लिहाल ते माहिती करून लिहा. अंदाजाने नको."

माहिती करून लिहा. परतीच्या गाडीत तेच डोक्यात होतं. माझ्याकडे माहिती कुठे होती? माझ्याकडे खुणा होत्या.

पुढच्या रविवारी मी वाड्यांवर गेलो. रजिस्टर नेलं नाही, एक वही नेली. घराघरात जाऊन विचारलं, गेल्या लावणीत आणि त्याच्या आधी, गोळीचं काय केलंत? पहिल्या दोन घरांनी "खाल्ली की" म्हणून सांगितलं. तिसऱ्या घरी मी म्हटलं, "हे बघा, मी रागवायला आलेलो नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय." मग एकेक निघायला लागलं.

एक बाई म्हणाली, "तुमचा फेरा सोमवारी. माझा सोमवारी उपास."

"साबुदाणा खाऊन घेतली तरी चालते ती."

"मंग तसं बोलायचं व्हतं. तुमी बांधावरनं 'न्याहारी, न्याहारी' बोंबलत होतात. उपासाला न्याहारी कुठली?"

एका घरात देव्हाऱ्याच्या खणात सात पुड्या होत्या, माझ्या अक्षरातल्या. ताप आला तर असाव्यात म्हणून. एका आजोबांनी सरळ सांगितलं, "पाड्याला दिली."

"बैलाला?"

"मंग? चिखलात पयला कोन उतरतो? तू उतरतोस?"

"आजोबा, ती माणसाची गोळी."

"त्याने कुठं विचारलंन?"

त्यांची सून आत तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसलो, आणि वहीत लिहिलं : बैल.

पण सगळ्यात जास्त वेळा जे लिहावं लागलं ते वेगळंच होतं. भावाला दिली. नवऱ्याला दिली. दिराला दिली. मुंबईहून आलेल्याला दिली. एकजात सगळ्यांनी कारण जवळपास सारखंच सांगितलं. आमचे पाय चिखलात वाढलेले, राठ. त्यांचे बूट घालणारे पाय, दोन दिवसांत फुटतात. मग गोळी कोणाला द्यायची?

मी बांधावर बसून ती वही पुन्हा पुन्हा पाहिली. जंतू फुटलेल्या कातडीतून शिरतो, हे मला प्रशिक्षणात फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. या बायकांना कोणी आकृती दाखवली नव्हती. तरी धोका कुठे जास्त आहे ते त्यांनी पायांकडे बघून ठरवलं होतं, आणि त्याप्रमाणे आमची यादी घरातल्या घरात दुरुस्त केली होती. फक्त गोळी एकच होती, त्यामुळे दुरुस्ती स्वतःला वगळून करावी लागत होती.

शेवटी काकींच्या घरी गेलो. त्या खळ्यात कुळीथ पाखडत होत्या. आजारपणानंतर त्या हळूहळू पाखडतात, मधे थांबतात. मी खाली बसलो.

"काकी, एक विचारायचंय. तुम्ही माझ्यासाठी खोटं का बोललात?"

"कंचं?"

"जबाबात. गोळी माझ्यासमोर खाल्ली म्हणालात. मला वाचवायला तुम्ही..."

सूप थांबलं. "तुमच्यासाठी?" त्यांना खरोखर नवल वाटलं होतं. "तुमचं काय मधी?"

दीड वर्ष मी त्यांच्या उपकाराचं ओझं घेऊन फिरत होतो.

"तुमी सरकारी मानूस," त्या म्हणाल्या, "तुमाला काय होतंय? फार तर बदली करतील. मी माझ्या पोरासाठी बोलले. मी आस्पतालात व्हते तवा तो भायेर बाकावर बसून नुस्ता बोलायचा, आयेची गोळी मी खाल्ली, आयेची गोळी मी खाल्ली. जेवायचा नाय. आजून फोनवर तेच. त्याने कागदात लिवलंन ते त्याचं. पन आयेनं सही करून सांगितलं, मी गोळी खाल्लेली, तर मंग त्याने खाल्ली ती माझी नव्हती ना? दुसरी कंची तरी आसंल. त्याच्या मनातनं जाईल."

"आणि गेलं का?"

"नाय." त्यांनी सुपातला एक खडा काढून लांब फेकला. "उलटा चिडला. बोलला, आये, तू मला कोर्टात खोटं पाडलंस. तवापासून फोन कमी झालाय."

म्हणजे हे असं होतं. तिकडे मुलगा स्वतःला गुन्हेगार समजत होता, इकडे आई त्याचा गुन्हा पुसायला गेली आणि तो न्यायालयात खोटा ठरायची वेळ आली. आणि दोघांच्या मध्ये असलेल्या माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. खरं तर गुन्हा माझ्याकडेच पडून होता.

मी म्हटलं, "काकी, त्या दिवशी त्याने माझ्याकडे गोळी मागितली होती."

"म्हाईत हाय. तुमच्याकडं नव्हती."

"होती."

त्यांनी वर पाहिलं.

"अख्खी पट्टी होती पिशवीत. उरलेली. मला देता आली असती. कोणी विचारलंही नसतं मला. यादीत नाव नाही म्हणून दिली नाही, आणि नंतर ती फुकट गेली."

कोंबडी सांडलेले कुळीथ टिपत सुपापर्यंत आली, तरी त्यांनी तिला हाकललं नाही. मला वाटलं, आता मला उठून जायला सांगतील, आणि सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

"तवा पिशवीत व्हती?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो."

"खांद्यावर व्हती तीच पिशवी?"

"तीच."

"मंग ह्ये लिवा," त्या म्हणाल्या. "आधी ह्येच लिवा. बाकी नंतर. पोरानं मागितली, पिशवीत व्हती, दिली नाय. असं लिवा म्हंजे त्याला कळंल, आयेची गोळी त्याने घेतलीन नाय, तुमी त्याला घ्यायला लावलीत."

"आणि तुमचा जबाब? तो खोटा ठरेल."

"ठरू द्या. मी काय सायेब हाय?" मग त्या म्हणाल्या, "पानी दिलंत ते पन खोडा. पानी तरी कधी दिलंत?"

प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी घरी बसून लिहिला. बायको शेजारी भाजी निवडत होती. तिला वाचून दाखवला. पट्टीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "हे मला पण नव्हतं सांगितलंत." मी म्हटलं, नाही. पुढचं वाचायला तिने मला खूण केली. त्यात मी लिहिलं होतं की पुड्या कोनाड्यात ठेवण्याची पद्धत माझी होती, ती मला कोणी सांगितली नव्हती. की त्या रकान्यातल्या माझ्या खुणांपैकी माणसाने गोळी माझ्यासमोर गिळल्याच्या खुणा फारच थोड्या आहेत. की याचिकाकर्त्याने गोळी मागितली तेव्हा ती माझ्याजवळ होती. वहीतली नोंदही जोडली, नावं गाळून. बैलाचं राहू द्यावं का काढावं याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी राहू दिलं. माहिती करून लिहा म्हणाल्या होत्या.

देवरूखला जाऊन शपथेवर सही केली. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "एवढं अंगावर घ्यायचं काय कारण होतं? बरोबर हाय म्हणायचं अन् मोकळं व्हायचं."

"मोकळा नव्हतो झालो डॉक्टर."

पुढे फेऱ्यांची वेळ बदलायचा प्रस्ताव त्यांनीच पाठवला : न्याहारीच्या वेळी, शेतावर, आणि दिवसाला दोनच वाड्या.

याचिकेचा अंतिम निकाल मी हे लिहीत असताना अजून लागलेला नाही. माझी चौकशीही चालू आहे, कारणे दाखवा नोटीस आली, मी उत्तर दिलं. त्यातून जे व्हायचं ते होईल. न्यायालयाने लावणीच्या आधी एवढंच सांगितलं, की निकाल लागेपर्यंत शेतात काम करताना आढळलेल्या कोणालाही नाव यादीत नाही म्हणून गोळी नाकारू नये. आमच्या यादीच्या शेवटी आता चार कोऱ्या ओळी सोडलेल्या असतात. त्या कोऱ्या ओळींकडे मी अजून कुतूहलाने बघतो. रोज कोणाचं तरी नाव येतं, आणि मला तो माणूस कोण, कुठून आला, किती दिवस राहणार, हे विचारायला मिळतं. सव्वीस वर्षांत मी हे विचारलं नव्हतं.

यंदाच्या लावणीला मुलगा येईल की नाही याची काकींना खात्री नव्हती. प्रतिज्ञापत्राची प्रत त्याच्या वकीलबाईंकडून त्याला मिळाली होती. त्याने आईला फोन करून एवढंच विचारलं, "ही पट्टीची गोष्ट खरी आहे?" काकी म्हणाल्या, खरी. त्यावर त्याने विचारलं, तरवा कधी तयार होतोय?

मी न्याहारीच्या वेळी त्यांच्या मळ्यावर पोचलो तेव्हा दोघं बांधावर बसून भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खात होते. मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याने नमस्कार केला नाही, आणि मीही हसलो नाही. मी कोऱ्या ओळीवर त्याचं नाव लिहिलं, पट्टीतून एक गोळी फोडली, त्याच्या हातावर ठेवली, आणि पाण्याची बाटली पुढे केली. त्याने गोळी थोडा वेळ तळहातावर धरली. मग घेतली. बाटली परत देताना म्हणाला, "टाचा यंदा पण फुटल्यात."

"दाखव," मी म्हटलं. त्याने दाखवल्या. मी वाकून पाहिल्या.

मग काकींची पाळी. त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा संपवला, गोळी टाकली, दोन घोट पाणी प्यायल्या आणि माझ्यासमोर तोंड उघडून जीभ बाहेर काढली. जीभ उचलूनही दाखवली, आधी डावीकडून, मग उजवीकडून.

"बघा," त्या म्हणाल्या. "नीट बघा. मागल्या वक्ताला बघितलंत नाय."

मी पाहिलं, आणि मग खूण केली.